मेंदीखाली झाकलेला ताप

"हिला मेंदी कधी लावली?"

सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, डॉक्टर मॅडमनी माझ्या वहिनीचा तळहात उलटा करून पाहिला आणि हे विचारलं. मी चिडले. तीन दवाखाने फिरून आलेला पेशंट. ताप उतरत नाही, नवऱ्याला ओळखत नाही, आणि ह्या बाई मेंदीची चौकशी करतायत.

"मॅडम, आधी ताप बघा की," मी म्हणाले.

"तापच बघतेय," त्या म्हणाल्या.

त्यांनी वहिनीच्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. मनगटावर लाल ठिपके होते. त्यातल्या एकावर अंगठा दाबून त्यांनी उचलला. ठिपका पुसट झाला नाही, तसाच राहिला. मग पाय. घोट्याला ठिपके, पावलाच्या कडेला ठिपके, आणि जिथं मेंदी सुरू होत होती तिथं ते एकदम दिसेनासे होत होते.

"मेंदीच्या खाली पण असणार," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. मग दादाला बाहेर थांबायला सांगून त्यांनी पडदा ओढला आणि वहिनीचं सगळं अंग तपासलं. बगला, मांड्या, पाठ. कमरेला परकराच्या नाडीचा काळा वळ होता, साडी नेसणाऱ्या बहुतेक बायकांना असतो तसा. त्या वळातच, डाव्या अंगाला, मुगाच्या डाळीएवढी काळी खपली होती. भोवती लालसर कडं.

"ही कशाची?"

आई म्हणाली, "नाडी काचली आसंल."

मॅडमनी पडदा सारला आणि दादाला आत घेतलं. "घरी जनावरं आहेत?"

"शेरडं हायत. एक गाय हाय."

"गोचीड असतात त्यांच्यावर?"

इतक्या दिवसांत दादा पहिल्यांदा हसला. "शेरडं म्हनल्यावर गोचीड आसतंयच की मॅडम."

"मग त्यातलाच एक हिला चावलाय," मॅडम म्हणाल्या. "हा टायफॉइड नाही. इंडियन टिक टायफस दिसतोय."

दादाचं हसू तिथंच थांबलं.

टिक म्हणजे गोचीड. टिक टायफस म्हणजे गोचिडामुळे येणारा ताप. नावात टायफस असलं तरी टायफॉइडशी त्याचं काही नातं नाही. काही गोचिडांच्या पोटात रिकेट्सिया नावाचे अगदी बारीक जंतू असतात. गोचीड चावून बसला की ते आपल्या रक्तात उतरतात आणि रक्तवाहिन्यांना आतून सूज आणतात. मग रक्त जागोजागी झिरपतं, त्याचे ठिपके अंगावर उमटतात. ते मनगटाला आणि घोट्याला आधी येतात, आणि तळहात-तळपायांवरही येतात. ही त्या तापाची मोठी खूण. डेंग्यूचा पुरळ सहसा तळव्यांवर असा येत नाही, टायफॉइडचा तर नाहीच.

आमच्या वहिनीची ती खूण आम्हीच रंगवून ठेवली होती.

ज्यांच्या घरी शेळ्या, मेंढ्या, गाय, म्हैस किंवा कुत्रं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी सोलापुरात एका आरोग्यहक्काच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिणं आणि वाटणं, हे माझं काम. पत्रकाचा साचा ठरलेला असतो. वर समस्या, खाली मागण्या, मध्ये जबाबदार कोण त्याचं नाव. हा अनुभव त्या साच्यात बसत नव्हता. बसवायचा प्रयत्न केला, त्याचं काय झालं तेही पुढं सांगते.

आमचं गाव वळसंगजवळ. दादा, वहिनी, आई तिथं असतात. वहिनीचं नाव महादेवी. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीत. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी जेमतेम यायचं. आता मला टोमणे मारण्याइतकं उत्तम येतं.

शेरडं तिची. चारायला तीच नेते, दुपारी बाभळीखाली बसून त्यांच्या कानातले, शेपटीखालचे गोचीड तीच वेचते. दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये धरून फोडते. गावात सगळ्या बायका असंच करतात. एकदा मी बांधावर तिच्याशेजारी बसून पत्रकांचा गठ्ठा मोजत होते. ती म्हणाली, "वन्सं, तुमचं माजं काम येकच बगा. रगत पिनारं हुडकायचं." आणि एक टप्पोरा गोचीड फोडून बोटं पदराला पुसली.

गोचीड माणसाला चावत नाहीत असं नाही. चावतात, आणि कुणी मनावर घेत नाही. ओढून टाकायचा, नाहीतर बिडीचा चटका द्यायचा. गोचीड चावला म्हणून दवाखान्यात गेलेलं माणूस आमच्या गावात मी ऐकलेलं नाही. कुणी गेलं असतं तर लोक वर्षभर हसले असते.

दसरा होऊन गेला होता. पाऊस बरा झाल्यामुळं बांधावरचं गवत कमरेएवढं झालेलं. वहिनी रोज भारा कापून डोक्यावरून आणायची. एका संध्याकाळी ती भारा टाकून ओट्यावरच आडवी झाली. डोकं फुटतंय म्हणाली. रात्रीपर्यंत अंग तापलं, सांधे धरले.

गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, एक इंजेक्शन दिलं. "व्हायरल हाय. आराम करू द्या." ताप गोळीपुरता उतरायचा आणि पुन्हा चढायचा.

दोन-तीन दिवसांनी तिच्या मनगटांवर लाल ठिपके दिसले. आईनं ते निरखून पाहिले. तोंडावर नाहीत म्हणजे गोवर नाही, पाणी धरत नाहीत म्हणजे कांजिण्या नाहीत. "उष्णता भाईर पडतीया," आई म्हणाली. आमच्याकडं उष्णतेला उपाय एकच. कुंपणाच्या मेंदीचा पाला ओरबाडून आणायचा, पाट्यावर वाटायचा आणि तळहात-तळपायांना जाड थापायचा. आईनं तेच केलं. सुनेचे पाय मांडीवर घेऊन केलं.

यात अडाणीपणा शोधू नका. चैत्र-वैशाखात मीही लावून घेते. मेंदीनं गार वाटतं, आणि वहिनीलाही गार वाटलं. "बरं वाटतंय आत्या," असं ती आईला म्हणाली, आणि त्या आजारात शुद्धीवर असताना नीट बोललेलं तिचं ते जवळजवळ शेवटचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी दादानं मला फोन केला. मी गावी पोचले आणि आम्ही तिला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या भिंतीवर डासाचं चित्र आहे, दाराएवढं. पाणी साठू देऊ नका, कोरडा दिवस पाळा. रक्त घेतलं. मलेरिया निगेटिव्ह. डेंग्यूची एनएस-वन नावाची तपासणी असते, ताजा डेंग्यू असेल तर ती सहसा पॉझिटिव्ह येते. तीही निगेटिव्ह. पॅरासिटामॉलच्या गोळ्या मिळाल्या. ताप राहिला तर सोलापूरला न्या, असं सांगितलं. राहिलाच.

सोलापुरात एका खाजगी दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही, कारण असे दवाखाने गल्लोगल्ली आहेत आणि नाव लिहिलं की बाकीचे सुटतात. तिथं विडाल टेस्ट केली. विडाल ही टायफॉइडसाठीची जुनी तपासणी. ती थोडीशी पॉझिटिव्ह दुसऱ्या तापातही येऊ शकते. हे मला नंतर कळलं. तिची थोडीशीच पॉझिटिव्ह आली, आणि टायफॉइड ठरला. शिरेतून भारी अँटिबायोटिक सुरू झालं. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी होत होत्या. लिव्हरचे आकडे वाढत होते.

तिथले मोठे डॉक्टर सकाळी राउंडला आले की पलंगाच्या पायथ्याशी उभे राहायचे. एकदा त्यांची नजर वहिनीच्या हातांवर गेली. "सण जोरात झाला वाटतं," ते म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडं वळले.

माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी तो हात हातात घेतला नाही. ताप किती, लघवी किती, कोणता विमा, सगळं विचारलं. ही बाई दिवसभर काय काम करते, हे कुणी विचारलं नाही. मी सोबत होते, विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण शेरडं सांभाळणं हे तापाच्या गोष्टीत सांगायचं असतं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मग वहिनी कानडीत बोलायला लागली.

आमच्या घरी ती फक्त माहेरच्या आईशी फोनवर कानडी बोलते. आता फक्त कानडी. "अव्वा, नीर," म्हणायची. अव्वा म्हणजे आई, नीर म्हणजे पाणी, एवढं मला समजत होतं. पाणी दिलं की ग्लास ढकलायची. दादा जवळ बसला की त्याच्याकडं परक्या पुरुषाकडं बघावं तसं बघायची आणि पदर सावरायची. दादा उठून जिन्यात जाऊन बसला.

"रानात काय तरी लागलंय तिला," आई हळूच म्हणाली. "अंगारा आनू का?"

"आई, कृपा कर," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

त्या दुपारी दवाखान्यानं सांगितलं, पेशंट बेशुद्धीकडं चाललाय, आमच्याकडं व्हेंटिलेटर नाही, हलवा. आणि आम्ही सरकारी दवाखान्यात आलो, त्या मेंदीच्या प्रश्नापाशी.

तिथल्या मॅडम शिकाऊ म्हणता येतील इतक्या तरुण होत्या. डोळ्यांखाली काळं. त्या पलंगावर, वहिनीच्या पायाशी बसूनच आमच्याशी बोलल्या.

"मेंदूला सूज आहे थोडी, म्हणून ती भ्रमात बोलतेय. बाहेरचं वगैरे काही नाही, मावशी." हे त्यांनी आई काही बोलायच्या आतच सांगितलं. "डॉक्सिसायक्लिन सुरू करतोय. साधं औषध आहे. ती गिळू शकत नाही, म्हणून नाकातून पोटात नळी घालू. तिला राइल्स ट्यूब म्हणतात. त्यातून देऊ."

"आणि आतापर्यंत दिलेलं भारी औषध?" मी विचारलं.

"ते ह्या जंतूवर चालतच नाही."

"तपासणी?"

"वेइल-फेलिक्स पाठवलीय. रिपोर्टला वेळ लागेल, आणि तो चुकूही शकतो. तोवर थांबले तर किडनी जाईल, नाहीतर ही जाईल. त्यामुळं थांबणार नाही. साधारण दोन दिवसांत ताप खाली आला, तर आपण बरोबर आहोत."

"आनी न्हाय आला तर?" दादानं विचारलं.

"तर मी चुकले असेन. आणि मग तिच्याकडं वेळ कमी असेल."

माझ्याशी कामाच्या निमित्तानं खूप डॉक्टर बोललेत. इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. मला त्यांचा राग येईना, आणि राग आल्याशिवाय काय करायचं हे मला सुचेना.

तो पहिला दिवस कसा गेला ते सांगते, कारण तुमच्यावरही अशी वाट बघायची वेळ येऊ शकते. थर्मामीटर कुणाच्या हातात नुसता दिसला तरी मी उठून उभी राहायचे. समोरच्या पलंगावरच्या म्हातारीचे नातेवाईक डबा उघडून हसत खात होते, त्यांचा हेवा वाटला. दादा वॉर्डाच्या दारात उभा. पुरुषांना आत बसू देत नव्हते. सारखा विचारायचा, "बोलली का?" मी म्हणायचे, "नाही." मग तो मान हलवायचा, मीच काहीतरी चांगली बातमी दिल्यासारखी.

दुपारी मी औषध आणून वर आले तर आई वहिनीच्या पायाशी खाली बसली होती. ओला पंचा आणि साबणाची वडी घेऊन ती तळपाय घासत होती. मेंदी तिला काढायची होती. घासून घासून तिला धाप लागली होती, आणि मेंदी आहे तशीच लालभडक.

मॅडम तेवढ्यात आल्या. त्यांनी आईचं मनगट धरलं. "मावशी, घासू नका. कातडी नाजूक झालीय तिची."

"मग तुमाला दिसंल कसं?" आई म्हणाली. "मीच झाकलंय की. माज्या हातानं झाकलंय."

"मला दिसलंय आता," मॅडम म्हणाल्या. "आता नाही निघाली तरी चालेल."

आईनं पंचा खाली ठेवला. पण तिथून उठली नाही.

मी बाहेर व्हरांड्यात गेले. माझ्या डोक्यात पत्रक सुरू झालं होतं. जबाबदार कोण? गावातला डॉक्टर, ज्यानं अंग न तपासता सलाईन लावलं. भिंतीवर डास रंगवणारं खातं, ज्याच्या लेखी गोचीड हा फक्त जनावरांच्या दवाखान्याचा विषय. विमा विचारणारा दवाखाना. यादी जोरात चालली होती, आणि प्रत्येक नावापाशी मला आईचा तो पंचा दिसत होता. मेंदीही त्या यादीत येत होती. ती वगळायची तर यादी खोटी, आणि घालायची तर आई गुन्हेगार.

मॅडम चहाचा कप घेऊन तिथून जात होत्या. मी त्यांना अडवलंच. "हा आजार इकडं कुणाला माहीतच नाही का?"

"माहीत आहे. पुस्तकात आहे, आम्ही शिकतो. पण ताप म्हटलं की डास विचारायची सवय लागलीय. शेरडं विचारायची नाही लागली."

"मग ही सवय कुणी लावायची?"

"तुम्ही बोलता चांगल्या," त्या म्हणाल्या. "लावा." आणि चहा घेऊन गेल्या.

ताप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरला. आधी घाम आला, गाऊन भिजला. मला वाटलं आता काहीतरी वाईट होतंय. नर्सला बोलावलं. तिनं थर्मामीटर लावला, बघितला, झटकला आणि पुन्हा लावला. मग म्हणाली, "उतरलाय." आईनं ते ऐकून नर्सलाच हात जोडले. वहिनी झोपली होती, साधी झोप, तोंड थोडं उघडं.

सकाळी मी तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर पेंगत होते. कुणीतरी माझ्याकडं बघतंय असं वाटलं.

"वन्सं," ती म्हणाली. आवाज चिरलेला. नाकात नळी. "तुमाला घरदार न्हाय का? का हितंबी मोर्चा हाय?"

मराठीत. माझ्यावर टोमणा. मी दारापाशी धावत जाऊन दादाला सांगितलं, "बोलली."

"काय बोलली?"

"मला घालूनपाडून बोलली."

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मग त्याला आत सोडलं. वहिनीनं त्याला विचारलं, "काळी याली का?" काळी म्हणजे तिची गाभण शेळी. दादाला माहीत नव्हतं. त्यानं तिथूनच शेजाऱ्याला फोन लावला. काळी व्यायली होती, दोन पाटी, म्हणजे दोन्ही माद्या. "दोन्ही पाटीच?" असं तिनं पुन्हा विचारून घेतलं आणि डोळे मिटले.

रिपोर्ट त्यानंतर आला. पॉझिटिव्ह. मॅडमनी तो वाचून फाइलला लावला. त्यांना त्याची गरज उरली नव्हती.

घरी आल्यावरही लगेच सगळं ठीक झालं नाही, तेही ऐका. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, जागेवर यायला वेळ लागला. केस मूठमूठ गळले. डाव्या पायाच्या करंगळीचं टोक काळं पडलं होतं, तिथं रक्त पोचलं नव्हतं, ते तसंच वाळून गेलं. चालताना ती तो पाय जरा जपून टाकते. पाण्याची घागर अजून दादाच आणतो आणि गावातल्या बायका त्यावरून त्याची चेष्टा करतात.

ती बसती झाली तेव्हा मी आरोग्य केंद्रात गेले आणि औषधाच्या खिडकीवर विचारलं, डॉक्सिसायक्लिन असतं का इथं?

"आहे की," औषधवाले म्हणाले आणि खण ओढला. खण भरलेला होता. "कुणाला पाहिजे?"

ती खिडकी आणि वहिनीला रक्त घ्यायला बसवलं होतं तो बाक, यांच्यामध्ये फक्त एक भिंत आहे. औषध पहिल्यापासून तिथंच होतं. फक्त एक प्रश्न कुणी विचारला नाही. माझा संताप या एका गोष्टीवर आहे आणि तो जाणार नाही, जाऊ नये. महागडं मशीन नव्हतं म्हणून ती मरणार होती असं नाही. जनावरं आहेत का, हे तीन शब्द नव्हते म्हणून मरणार होती.

त्याच झपाट्यात मी पत्रक लिहिलं. ठळक अक्षरात वर: मेंदी थापू नका, जीव गमावू नका. मसुदा वहिनीला दाखवला. तिची शाळा कानडीतून झालेली. मराठी ती अक्षर अक्षर लावून वाचते. पहिली ओळ वाचायला तिला बराच वेळ लागला.

"हे फाडा," ती म्हणाली.

"का? खोटं आहे?"

"खरं हाय. पन हे वाचून गाव आत्याकडं बोट दावंल. म्हनतील सुनंला मारत हुती मेंदी लावून. तुमी जाताल सोलापूरला. मला आन् त्यास्नी हितंच राह्यचंय."

"मग काय लिहू?"

"गोचिडाचं लिवा की. मला त्यो चावलाय. मेंदी न्हाय चावली."

मी मसुदा पुन्हा चाळला. माझ्या पत्रकात गोचीड चौथ्या परिच्छेदात आला होता.

ते पत्रक मी फाडलं. मग आता इथं मेंदीबद्दल एवढं का लिहिलं? कारण आई ऐकत होती. ती चुलीपुढून म्हणाली, "माजं बी घाल त्यात. नाव नगं घालू. पन घाल. दुसरी कुनी लावील तिला कळंल."

म्हणून तिच्या परवानगीनं सांगते. मेंदी लावली म्हणून कुणी मरत नाही. पण ताप आणि अंगावर ठिपके असताना तळव्यांना काही लावू नका. मेंदी नको, हळद नको, तेल-शेंदूर काही नको. आधीच लावलं असेल तर लाजू नका, डॉक्टरला सांगा की लावायच्या आधी खाली काय दिसत होतं. आणि डॉक्टरनं विचारलं नाही तरी तुम्ही सांगा: आमच्या घरी शेरडं आहेत, मी गवत कापते, मला गोचीड चावला असेल. हसले तर हसू द्या.

गोचीड अंगावर बसलेला दिसला तर चटका देऊ नका, रॉकेल ओतू नका, चिरडू नका. चिमट्यानं कातडीलगत धरा आणि सरळ, सावकाश वर ओढा. चिमटा नसेल तर बोटाला कापड गुंडाळा. मग साबणानं धुवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर तो साधा ताप समजू नका. जनावरांवरचे गोचीड नखात फोडणं सोडा. त्याचं रक्त नखाच्या चिरेतून आपल्यात येऊ शकतं. वहिनी आता ते साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकते. जनावरांच्या डॉक्टरकडून फवारणीचं औषधही आणलंय. गवतात जाताना साडीवर दादाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते.

मॅडमना मी एकदा भेटायला गेले, आभार मानायला. त्या राउंडवर होत्या, पंचवीस पलंग आणि त्या एकट्या. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागलं. मग म्हणाल्या, "हां, मेंदी. चालते का वहिनी आता?" मी हो म्हणाले. त्या पुढच्या पलंगाशी वाकल्या आणि तिथल्या तापाच्या बाईला विचारलं, "घरी जनावरं आहेत?" मी तेवढं ऐकून निघाले.

आता गावी आमच्याकडं एक नवीन रीत पडलीय. ती कुणी ठरवली नाही. शेरडं दावणीला बांधली की, उजेड आहे तोवर, आई उंबऱ्यावर बसते आणि वहिनी तिच्या पुढ्यात. आई तिचे विरळ झालेले केस बाजूला करून मान बघते, कानामागं बघते, आत नेऊन बाकीचं अंग बघते. पहिले काही दिवस एवढंच होतं.

पण गाईची धार आई काढते. तेव्हा एका संध्याकाळी वहिनी म्हणाली, "आत्या, आता तुमी बसा."

आई तयार होईना. सासूनं सुनेपुढं मान खाली घालून बसायचं, हे आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नाही. दारातून जाणारी बाई थांबून बघतच होती. आईनं तिच्याकडं एकदा पाहिलं. मग डोक्यावरचा पदर काढला, अंबाडा सोडला आणि वहिनीच्या पुढ्यात खाली बसली.

"नीट बग गं," ती मान वाकवून म्हणाली. "गडबड करू नगंस."

वहिनी गडबड करत नाही. रोज चांगला वेळ लावते.